आत्या, तुझी चंची उघडली

आत्या, बाबांनी मला नोटीस टाइप करायला सांगितलीय. सोसायटीच्या बोर्डावर लावायला. 'ग्राइंडर विकणे आहे, चालू स्थितीत, तिसऱ्या मजल्यावर बघायला मिळेल.' एवढंच. दोन मिनिटांचं काम. मी मशीनवर कागद चढवला, 'ग्राइंडर' टाइप केलं आणि पुढचा शब्द काही बोटांतून निघेना. मग म्हटलं जाऊ दे, तुलाच लिहिते.

तुला जाऊन आज पंधरा दिवस झाले. मी टायपिंगच्या क्लासमध्ये आहे, पाच ते सहाच्या बॅचला, खिडकीजवळचं मराठी मशीन मिळालंय, तेच ते ज्याचा 'र' वर उडतो. मराठी चाळीसची परीक्षा आलीय ना, त्यामुळे सरांना वाटतंय मी धडा मारतेय. वाटू दे त्यांना. चुका खोडणार नाही, आधीच सांगते, हात थांबला की पुन्हा चालू होणार नाही.

सोसायटीच्या दिवाळी अंकात तुझ्यावर अर्धं पान येणारेय. देसाईकाका लिहितायत. जन्म, गाव, नोकरी, 'स्वभावाने मनमिळाऊ'. मनमिळाऊ, तू. मला घरी येईपर्यंत हसू आवरेना. मी त्यांना म्हटलं, काका, मी पण लिहू का? ते म्हणाले लिही, पण आटोपशीर. तर हे ते आटोपशीर.

तो धार लावायचा ग्राइंडर घरी आला तो दिवस मला कालच्यासारखा आठवतो. विक्रोळीचा तुझा कारखाना बंद पडला, बाकीच्या बायका आपापले डबे नि कपाटातल्या साड्या घेऊन घरी गेल्या, आणि तू ग्राइंडर घेऊन आलीस. रिक्षातून, मांडीवर, वर पदर टाकून, जसं काय तान्ह्या बाळाला घरी आणताहेत. रिक्षावाल्याने तो वर चढवायला नकार दिला म्हणून तू त्याच्या सात पिढ्या मालवणीतून काढल्यास, तो बिचारा भैया, त्याला एक अक्षर कळलं नाही, पण घाबरून तीन मजले चढला.

बाबा दारातच उभे. "अक्का, हे काय आहे?"

"दगड."

"दगड ते दिसतंय. घरात कशाला?"

"पाटो-वरवंटो आसा ना घरात? मगे ह्यो पण रवात."

संपला विषय. जुन्या शिलाई मशीनचा लोखंडी पाय काढलास, त्यावर फळी, फळीवर ग्राइंडर, आणि गॅलरीत तुझा कारखाना चालू. आईची तुळस एक फूट सरकली. आई आठवडाभर तुझ्याशी बोलली नाही आणि आठव्या दिवशी विळीला धार लावून मागायला आली.

पण तुझं खरं काम विळ्या-सुऱ्यांचं नव्हतंच. ड्रिलची बिटं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण मला पण दोन वर्षांपूर्वी काय माहीत होतं. ड्रिलच्या पुढचा तो पिळाचा दांडा असतो ना, भोक पाडतो तो, त्याच्या टोकाला दोन धारा असतात, समोरासमोर. तू त्यांना पाय म्हणायचीस. दोन पाय सारखे असले की बिट सरळ चालतं, लोखंडातून दोन्ही बाजूंनी कुरळे दोर वर येतात, तू त्यांना शिरवाळे म्हणायचीस, नारळाच्या रसातून आपण खातो ते. आणि पाय बोथट झाले की बिट नुसतं किंचाळतं. भोक पडत नाही, धूर निघतो, लोखंड चकचकीत होतं फक्त. लोक ते बिट फेकून देतात. तुझ्याकडे आलं की तू दगडाला लावून मनगट असं जरासं वळवायचीस, कुणाच्या गालावरून हात फिरवावा तसं, एक पाय, मग दुसरा, की झालं. झकास. नव्यापेक्षा चांगलं.

सगळ्यात जास्त बिटं दामूची. दामू ग्रिलवाला, स्टेशनमागच्या गाळ्यातला, ज्याने आपल्या बिल्डिंगीच्या अर्ध्या गॅलऱ्यांना पिंजरे घातले. तो फडक्यात बांधून बिटं आणायचा आणि तुझ्याकडे असं बघायचा जसं काय देवीचा कौल घ्यायला आलाय.

"मावशी, चष्मा न लावता कसं काय दिसतं तुम्हाला?"

"दिसणा नाय रे, कळता."

तो जाताना जिन्यात येईल त्याला सांगायचा, मावशीची नजर म्हणजे नजर. सगळ्या गाळ्यांमध्ये तुझी नजर फेमस. तुला ते आवडायचं, नाही म्हणू नकोस. तो गेला की तू उगाच पदर नीट करायचीस.

आणि टीव्ही. बापरे. तुझा ग्राइंडर चालू झाला की बिल्डिंगीतल्या सगळ्या टीव्हींवर आडव्या रेघा. रविवारी संध्याकाळी हिरॉइन रडायला लागली की नेमक्या तुझ्या ठिणग्या. मग खालून दुसऱ्या मजल्यावरच्या सावंतकाकू गॅलरीत येऊन, मान वर करून, त्या खास आवाजात: "मावशी, पिक्चर." फक्त दोन शब्द. तू तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत बटण बंद करायचीस. शेवटी मीटिंगमध्ये ठराव झाला, रविवारी पिक्चरच्या वेळी ग्राइंडर बंद. सोसायटीच्या मिनिट्सच्या वहीत तुझं नाव त्या एकाच जागी आहे. आणि तरी तू मध्येच अर्धं मिनिट चालवायचीसच, नुसतं बघायला की काकू जाग्या आहेत का.

मला का शिकवलंस ग? मी कधी विचारलंच नाही. बारावी झाली होती, नोकरी नव्हती, टायपिंगचा क्लास एक तास आणि उरलेला दिवस मी तुझ्या आजूबाजूला बडबडत. मला वाटतं माझं तोंड बंद करायला म्हणून तू माझ्या हातात गाजर दिलंस. खरंच गाजर. "आदी गाजर, मगे लोखंड." विळीवर गाजराचं टोक दोन बाजूंनी सारखं उतरायचं, बिटासारखं. आठ दिवस मी गाजरं कापली. आठ दिवस घरात गाजराची कोशिंबीर. बाबा नवव्या दिवशी ताटाकडे बघून म्हणाले, "हिला लवकर लोखंडावर घ्या."

आणि मग आपलं भांडण चालू झालं ते शेवटपर्यंत.

माझं म्हणणं एकच होतं, कोन मोजायचा. लायब्ररीत एक मशीनकामाचं पुस्तक मिळालं, त्यात आकृती होती, मी कंपासने पुठ्ठ्यावर आखून, कापून, मस्त खाच केली. बिटाचं टोक त्या खाचेत बसलं की कोन बरोबर. सोपं. शास्त्रीय. मी केवढ्या उत्साहाने तुला दाखवलं. तू तो पुठ्ठा उलटा केलास, सुलटा केलास, त्याने वारा घेतलास आणि म्हणालीस, "काय गो, डोळे भाड्यान दिलंस काय?"

"आत्या, पुस्तकात आहे."

"पुस्तकाक ड्रिल मारून दाखव मगे."

मी म्हटलं तुझी नजर उद्या गेली तर? तू म्हणालीस, मगे तुजो पुठ्ठो घेतंय, आंधळ्याक काठी. मी तीन दिवस रुसले. तो पुठ्ठा तू दुधाच्या पातेल्याखाली ठेवायला वापरलास, मी पाहिलं.

बरं, मी घासलेलं एकही बिट तू तसंच बाहेर जाऊ दिलं नाहीस. एकही नाही. मी घासायचं, तू हातात घ्यायचं, बघायचं, "एक पाय लांब आसा, लंगडतला ता," म्हणायचं, आणि मग तुझं ते ठरलेलं: "थांब, सुपारी खावन येतंय." बिट हातातच. पाठ फिरवून मोरीजवळ जायचं, कमरेची चंची काढायची, त्यात खुडबुड, तोंडात टाकल्यासारखं करायचं, आणि चावत चावत परत येऊन दगडावर शेवटचा हात मारायचा. दर बिटामागे एक सुपारी. मी मोजायचे, दिवसाला वीस-वीस. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलेलं. आई बोलायची, बाबा बोलायचे, मी तर जवळजवळ पाळतच ठेवून होते. "आत्या, परत?" "तू गप रव." आपल्या घरात भाजीवरून, टीव्हीवरून, कशावरून नाही एवढी भांडणं तुझ्या सुपारीवरून झाली.

गेल्या वर्षीच्या दसऱ्याचं मात्र मी अजून कबूल करायचं राहिलंय. म्हणजे तुला माहीत आहे, पण मी सॉरी म्हटलं नव्हतं. दसऱ्याला अवजारांची पूजा, त्या दिवशी ग्राइंडरला हार, दगडाला हळदकुंकू, आणि बिटांचा अख्खा डबा पाटावर. मी ठरवलं, तुला सरप्राइज द्यायचं. आदल्या दिवशी तू हळदीकुंकवाला गेलेलीस, मी डब्यातली सगळी बिटं घासून काढली, एका दमात, न थांबता, चांगली दाबून. आणि त्यांना काय सुंदर रंग आला, निळा, जांभळा, मध्ये सोनेरी. मला वाटलं हे पॉलिश. मी ताटात फुलासारखी मांडून ठेवली.

वाट लागली होती सगळ्यांची. साधं पोलाद जास्त तापलं की निळं पडतं आणि निळं पडलं की मऊ, धार धरत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तू आलीस, ताटाकडे बघितलंस, एक बिट उचलून उजेडात धरलंस. मला वाटलं भारावलीयस.

"मोराची पिसां झाली गो," एवढंच म्हणालीस. आणि तशीच पूजेत ठेवलीस. दामू पाया पडायला आला तर त्याने विचारलं, हे काय नवीन? तू म्हणालीस, "परदेशी माल आसा. हात लावू नको." दसरा झाल्यावर मग पंधरा दिवस आपण दोघी निळं घासून काढत होतो, घासलं की पाण्यात, घासलं की पाण्यात. "लोखंडाक ताप इलो की बोटाक कळता. तेच्या आदी बुडव." त्या पंधरा दिवसांत मी खरं काय ते शिकले. तू एकदाही त्यावरून टोमणा मारला नाहीस, आणि तू म्हणजे आईच्या लग्नातल्या वरणाला मीठ कमी होतं ते अजून काढणारी बाई.

आता ते. ते टाइप करायचं टाळत होते.

तुझ्या छातीत दुखलं त्याच्या आदल्या दुपारी मी तुझी चंची लपवली. डॉक्टरांकडून रिपोर्ट आलेला, मला राग आला होता, म्हटलं बघू कशी खाते. कपाटावर, सुटकेसच्या मागे. मग मी एक बिट घासलं, सहा एमएमचं, दामूच्या फडक्यातलं, एकदम मन लावून. तुला दिलं. तू बघितलंस. कमरेला हात गेला. मग उशीखाली बघितलंस, मोरीवरच्या फळीवर बघितलंस.

"माजी चंची खंय गो?"

"मला काय माहीत."

तू माझ्याकडे बघितलंस, बिटाकडे बघितलंस. "ठेव थंय. उद्या बघतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटल, आणि दोन दिवसांनी आम्ही तुझ्याशिवाय घरी. म्हणजे तू धड शुद्धीत असताना मी तुझ्याशी जे शेवटचं बोलले ते खोटं होतं. ते बिट अजून तिथेच आहे ग, ग्राइंडरच्या बाजूला, तू ठेव म्हणालीस तिथेच. मी हात लावलेला नाही.

परवा बाबांना म्हटलं, ग्राइंडर विकू नका, मी करीन. ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर मी भांडले असते. नीट विचारलं त्यांनी. "अक्काने शेवटचा हात मारल्याशिवाय तुझं एक तरी बिट गिऱ्हाइकाला गेलंय?" मग म्हणाले, "उद्या दामूच्या हातात बिट मोडलं, डोळ्यात उडालं, मग? अक्काचं नाव आहे त्यावर. तुला येत नसेल तर ते मशीन गॅलरीत ठेवून मी रोज काय बघू?"

आत्या, मला येतं का? तू कधीच सांगितलं नाहीस. "बरां झाला" एवढं एकदा म्हटलं असतंस तर मी आज ती नोटीस फाडून टाकली असती.

सर मागे येऊन उभे राहिले होते. वाचलं वाटतं त्यांनी. म्हणाले, "धड्यात सुपारी कुठे आली?" आणि मग, "सहा वाजले. उद्या पूर्ण कर."

*

उद्या नाही आले. आज सोमवार आहे. मध्ये रविवार होऊन गेला आणि आत्या, लबाड, लबाड, लबाड. तीनदा टाइप केलं, 'ल' घासला गेला तरी चालेल.

क्रमाने सांगते. रविवारी दुपारी तुझा फोटो फ्रेम होऊन आला. तोच, ज्यात तू फोटोग्राफरवर चिडलेली आहेस, बाबा म्हणाले हाच खरा. आई म्हणाली पुढे हार, उदबत्ती आणि हिच्या आवडीचं काहीतरी ठेवूया. सगळ्यांच्या तोंडात एकच आलं, सुपारी. मग मला सांगावंच लागलं. मी स्टुलावर चढले, सुटकेसच्या मागून चंची काढली, मान खाली घालून आईच्या हातात दिली. आईने ती ताटलीत उलटी केली.

टण्ण असा आवाज झाला. सुपारीचा असा आवाज होत नाही.

दोन नट. सहा बाजूंचे साधे नट, बोल्टाचे, एकमेकांना बाजूला बाजू लावून तांब्याच्या तारेने करकचून बांधलेले. आणि सुपारीचं एकच खांड, इतकं जुनं की त्याला चंचीच्या आतला धागा चिकटलेला, दगड झालेला.

बाबा म्हणाले, "हे काय?" आणि मी बघत राहिले. दोन नट असे शेजारी ठेवले की त्यांच्यामध्ये जी खाच होते ना, तो कोन. तोच. माझ्या पुठ्ठ्यातला. मी आत जाऊन पुठ्ठा आणला, पातेल्याचा गोल डाग पडलेला, आणि नटांवर ठेवला. अगदी जवळजवळ तस्साच. आणि ती खाच आतून आरशासारखी चकचकीत, शेकडो बिटं टेकून टेकून.

तू सुपारी खात नव्हतीस. तू मोजत होतीस. पाठ करून, दर बिटाला, आणि मग काहीच नसलेलं तोंड हलवत परत येत होतीस.

आई खालीच बसली. "अगो बाई. मी दोन वर्षं हिची सुपारी आणलीच नाही. मला वाटायचं ही स्वतः जाऊन आणते. मी केवढी बोलायचे तिला."

बाबांचे खांदे हलायला लागले, मला वाटलं रडतायत, तर हसत होते, इतके की फोटो हातातून पडायचा. त्यांनीच सांगितलं मग, मला हे माहीत नव्हतं. कारखान्यात तू स्क्रूच्या पिशव्या भरायचीस आणि जेवणाच्या सुट्टीत टूलरूमच्या दाराशी डबा उघडून धार लावणाऱ्यांना बघत बसायचीस, तेव्हा तिथला फोरमन म्हणाला होता, मावशी, हे बायकांचं काम नाही, याला नजर लागते. तू घरी येऊन त्या दिवशी बाबांना सांगितलंस, "नजर काय तेच्या बापाशीची?" तेव्हापासून तुझी नजर. आता नट दाखवणार कुणाला. वीस सुपाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्यास, माझ्यासमोर पुठ्ठ्याने वारा घेतलास, पण कबूल केलं नाहीस. केवढा तो माज, यार. मला इतकं प्रेम आलं ना तुझं.

आणि मग माझ्या डोक्यात आलं. ती दुपार. तू कमरेला हात लावलास, फळीवर बघितलंस. तुला सुपारी नको होती. माझं बिट तपासायचं होतं. मीच लपवलेलं माप. म्हणून उद्या.

मी रडायला लागले, चांगली हुंदके देऊन. बाबांना सगळं सांगितलं, मला काय माहीत म्हटलं ते पण. त्यांनी फोटो खाली ठेवला. मग म्हणाले, "तू एकदा खोटं बोललीस. ती दिवसाला वीसदा. फिट्टंफाट." आणि उठून फोटो लावायला हातोडी आणि खिळा घेतला.

आता भिंतीत खिळा ठोकला की प्लास्टर पडतं आणि तू दोन दिवस बोलत राहतेस, हा घरातला नियम. हातोडी अर्ध्यात थांबली. बाबांच्या पण लक्षात आलं. मी म्हटलं, गॅलरीत लावू. ग्रिलच्या लोखंडी पट्टीला भोक पाडून, स्क्रूवर. ग्राइंडरच्या वर. बाबा म्हणाले, "ग्राइंडर जाणारेय." मी म्हटलं, "भोक तर पाडू." आणि ते सहा एमएमचं बिट उचललं.

नटांच्या खाचेत टेकवलं. खात्री होईना म्हणून तीनदा बघितलं. बसलं आत्या. मधून उजेड येत नव्हता, दोन्ही बाजूंनी.

हातड्रिल मी फिरवत होते, बाबा मागून दाबत होते. पट्टीवर आधी नुसतं घसरलं. मग पकडलं. आणि मग वर आले. शिरवाळे. दोन. डावीकडून एक, उजवीकडून एक, बारीक, कुरळे, गरम. बाबा म्हणाले, "आले की ग." मी फिरवत राहिले आणि मला एक आवाज ऐकू आला. दर फेऱ्याला एक बारीकसा ठेका, चालताना एका चपलेचा अंगठा तुटलेला असला की येतो तसा. आरपार गेलं, भोक पडलं, चांगलं पडलं. मी दोन्ही दोर हातावर घेतले. एक जाड, दुसरा जरा बारीक.

बाबा स्क्रू शोधत होते. मी बिट काढून ग्राइंडरकडे वळले.

"आता काय? पडलं ना भोक?"

"एक पाय लांब आहे."

नटांना ते कळलं नव्हतं बघ. कोन बरोबर होता, लांबी चुकलेली. म्हणजे माप लागतं ते माझं बरोबर, आणि मापाने भागत नाही ते तुझं बरोबर. इथे तू असतीस तर आपण हे रात्रीच्या जेवणापर्यंत ताणलं असतं. मी एकटीने दोन्ही बाजूंनी भांडून बघितलं, मजा नाही येत.

बाबा माझ्याकडे असे बघत होते, जसे तुझ्याकडे बघायचे, रिक्षातून दगड आणलास तेव्हा. मग त्यांनी स्वतः हात लांब करून बटण दाबलं. वीस दिवसांनी ग्राइंडर फिरला. तोच आवाज, आधी घरघर आणि मग शीळ. मी बिट टेकवलं, मनगट वळवलं, ठिणग्या आईच्या तुळशीपर्यंत.

आणि खालून, मान वर करून, त्या खास आवाजात: "मावशी, पिक्चर."

रविवार. संध्याकाळ. आम्ही विसरलोच होतो.

सावंतकाकू पण विसरल्या होत्या. सवयीने तोंडातून गेलं त्यांच्या. अख्ख्या बिल्डिंगीत फक्त टीव्हीचा आवाज आणि आपला दगड. मी बटण बंद करायला हात पुढे केला तर बाबांनी धरला. ते गॅलरीतून खाली वाकले. काकू वर बघत उभ्या होत्या, पदर तोंडाला.

"काकू, दोन मिनिटं," बाबा म्हणाले. "एक पाय लांब आहे."

काकूंनी मान हलवली. "चालू द्या," म्हणाल्या. "चालू द्या हो. रेघा आल्या म्हणून बरं वाटलं."

तुझा फोटो आता तिथे आहे. ग्राइंडरच्या बरोबर वर, माझ्याकडे चिडून बघत. नोटिशीचं बाबांनी काल विचारलं नाही, आज सकाळी पण नाही. तरी मी आत्ता टाइप केलीय, त्याच कागदावर, 'ग्राइंडर' शब्द होता तिथून पुढे: 'ग्राइंडर चालू आहे. रविवारी पिक्चरच्या वेळी बंद. बिटांना धार लावून मिळेल, नजरेने.' शेवटचा शब्द तुझ्यासाठी. हा लेख अंकात छापून आला की तुझं गुपित सगळ्या सोसायटीला कळणार, पण दामू पलीकडच्या बिल्डिंगीत राहतो, त्याला आपला अंक जात नाही. वाचणाऱ्यांना हात जोडून विनंती, त्याला कुणी सांगू नका.

तो आला होता आज सकाळी, फडकं न्यायला. दारात घुटमळला, फोटोला नमस्कार केला, मग माझ्याकडे बघून विचारलं, "मावशी नाही तर आता यांना बघणार कोण?"

"मी."

"तुझी नजर आहे?"

मी त्याच्या फडक्यातलं एक बिट काढलं, घासलं, पाण्यात बुडवलं, डोळ्यासमोर धरलं. चष्म्याशिवाय, मला चष्मा नाहीच म्हणा. तो मान पुढे करून बघायला लागला. मी म्हटलं, "थांबा हं दामूकाका, सुपारी खाऊन येते."

"अरे देवा," तो म्हणाला, "तुला पण लागली?"